सीमेपलीकडचा पगार

पगारासाठी मी देश ओलांडला, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. मिरजेहून जर्मनीला आले ती शिकायला. जर्मनीत घर ठेवून स्वित्झर्लंडमध्ये नोकरी धरली ती मात्र पगारासाठी, आणि हातातल्या कामात पुढे जायला जागा हवी होती म्हणून. आपल्याकडे अशा निर्णयाभोवती मोठमोठी कारणं गुंडाळायची पद्धत आहे. पण जिथे श्रमाला जास्त मोल मिळतं तिथे माणूस जातो, यात कमीपणा कसला? त्या जास्तीच्या पगारामागे काय काय उभं असतं ते मात्र आपण पुरेसं बघत नाही. मला इतक्या वर्षांत जे दिसलं ते इथे लिहिते आहे.

आम्ही राहतो ते ल्योराख हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव जर्मनीच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. गावात चॉकलेटचा जुना कारखाना आहे आणि वाऱ्याची दिशा तशी असली की सकाळी सगळ्या गल्लीत कोकोचा वास दरवळतो. एस-६ ही लोकल गाडी पकडली की वीसेक मिनिटांत स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर येतं. वाटेत रीहेन लागतं, ते स्विस. मग येतं बाझलमधलं बाडिशर बानहोफ. तिथली जमीन स्विस आणि स्टेशन जर्मन रेल्वेचं. १८५२च्या करारापासून असंच चालत आलं आहे. बाझलचा विमानतळ तर फ्रान्सच्या हद्दीत आहे. तीन देश असे एकमेकांना खेटून आहेत की नवा माणूस गोंधळतो, आणि जुना माणूस खिशात दोन चलनं घेऊन फिरतो.

सीमा ओलांडून रोज कामाला जाणाऱ्यांना इथे ग्रेन्झगेंगर म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये असे सुमारे चार लाख लोक आहेत. त्यांतले निम्म्याहून जास्त फ्रान्समधून येतात, त्याखालोखाल इटलीतून आणि मग जर्मनीतून. आमच्या भागात तर पहाटेच्या गाडीत एकाच डब्यात लॅबमधले तंत्रज्ञ, नर्स, वायरमन, बँकेतले लोक, स्वयंपाकी असे सगळे भेटतात. मला यात परकं काही वाटलं नाही. मिरजेला कर्नाटकातल्या कागवाड-अथणीकडून दवाखान्यांसाठी आणि कामासाठी येणारी माणसं मी लहानपणापासून बघितली आहेत. फरक एवढाच की तिथे सीमा ओलांडली तरी कायदा एकच राहतो. इथे कायदा बदलतो, आणि सगळी गोष्ट त्यातच आहे.

मी फार्मसीची. सुरुवातीची नोकरी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, औषध कारखान्याच्या गुणवत्ता तपासणाऱ्या क्यूए विभागात. बॅच रेकॉर्ड तपासायचं, कुठे डेव्हिएशन झालं तर मुळाशी जायचं, ऑडिटच्या आदल्या रात्री जागायचं. त्या नोकरीनं मला शिस्त दिली. पगार बेताचा होता. पुढे जर्मनीत मास्टर्स केलं आणि फ्रायबुर्गजवळच्या एका मध्यम आकाराच्या औषध कंपनीत लागले. ती नोकरी चांगली होती. जर्मनीतल्या केमिकल उद्योगाच्या करारानुसार आठवड्याला साडेसदतीस तास काम, वर्षाला तीस दिवस रजा आणि कामगारांची निवडून दिलेली समिती, जिच्याशी बोलल्याशिवाय मालकाला फारसं काही करता येत नाही. आयुष्यभर तिथे राहता आलं असतं. पण विभागप्रमुखाची एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बसलेले गृहस्थ माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठे होते.

माझ्या मनात बाझलचा विचार पक्का झाला तो १५ जानेवारी २०१५ या दिवशी. स्विस मध्यवर्ती बँकेनं त्या सकाळी एका युरोला किमान १.२० फ्रँक हा बांधून ठेवलेला दर सोडून दिला. दुपारपर्यंत युरो आणि फ्रँक जवळजवळ बरोबरीला आले. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा तंत्रज्ञ बाझलला जायचा. त्याचा पगार फ्रँकमध्ये, भाडं युरोत. काहीही न करता त्याचं उत्पन्न एका दिवसात जवळपास पाचव्या हिश्शानं वाढलं. आनंद झाला होता त्याला, पण पुढच्या महिन्यात तोच काळजीत होता. स्विस कारखान्यांचा माल परदेशात महाग झाला होता. काही मालकांनी सीमेपलीकडच्या कामगारांना पगार युरोत द्यायचं ठरवलं आणि ती भांडणं कोर्टात गेली. पगार वाढतो तसा तो कशावर टेकलेला आहे हेही बदलत असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जवळून दिसलं.

मला लगेच जाता आलं नाही. युरोपीय संघाच्या नागरिकाला स्वित्झर्लंडमध्ये ग्रेन्झगेंगरचा ‘जी’ परवाना तुलनेनं सहज मिळतो. भारतीय पासपोर्ट असेल तर शेजारच्या देशात कायमच्या वास्तव्याचा हक्क हवा, सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं, आणि मालकाला दाखवावं लागतं की या जागेसाठी स्थानिक किंवा युरोपीय माणूस मिळाला नाही. एवढं सगळं करायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत. मी जर्मन नागरिकत्व घेतलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट जमा करावा लागला आणि हातात ओसीआय कार्ड आलं. त्या दिवशी दूतावासातून बाहेर पडताना मी बाबांना फोन केला होता. ते बँकेत आयुष्य काढलेले. म्हणाले, “कागद बदलला, आता रडू नकोस. पण नवी नोकरी घेशील तेव्हा किती मिळतं आणि किती उरतं, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचार.” तो सल्ला मी अक्षरशः पाळला. नोकरीचा देकार आला तेव्हा दोन रविवार वही घेऊन बसले होते.

त्या वहीतलं थोडं सांगते, कारण असे तपशील कुणी सांगत नाही. पगाराचा आकडा दीडपटीहून मोठा होता, हे खरं. पुढच्या काळातले एकूण आकडेही तेच दाखवतात: स्वित्झर्लंडमधला मधला पगार, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो, २०२२ साली महिन्याला ६,७८८ फ्रँक होता. त्याच वर्षी बाझल शहराच्या कँटननं, म्हणजे तिथल्या राज्यानं, तासाला २१ फ्रँक किमान वेतन लागू केलं आणि जर्मनीनं १२ युरो. तेव्हा फ्रँक आणि युरो जवळपास सारखेच होते. म्हणजे सीमेच्या एका बाजूला झाडू मारणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या तशाच माणसापेक्षा जवळजवळ पाऊणपट जास्त मिळत होते. हे नाकारून काही बोलण्यात अर्थ नाही.

पण स्विस मालक पगारातून कर कापतो तो फक्त साडेचार टक्के. बाकीचा कर जर्मनीला द्यायचा असतो आणि जर्मन कर कार्यालय तो मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या दहा तारखेला आगाऊ मागतं. महिनाअखेर खात्यात मोठी रक्कम दिसते, म्हणून नवीन लोक गाडी घेतात, मोठं घर घेतात आणि मग पहिल्या मागणीपत्राला घाबरतात. आरोग्यविम्याचा निर्णय तीन महिन्यांत घ्यावा लागतो, जर्मन की स्विस, आणि तो सहसा फिरवता येत नाही. जर्मन सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं फुकट येतात. स्विस विम्यात प्रत्येक डोक्याला वेगळा हप्ता. स्वित्झर्लंडमध्ये रजेचा कायदेशीर किमान हक्क चार आठवडे. कामाचा आठवडा आमच्याकडे एकेचाळीस तासांचा, म्हणजे आधीपेक्षा साडेतीन तास जास्त, आणि प्रवास वेगळा. पेन्शनचे तुकडे होतात: थोडं भारतातलं पीएफ, जर्मनीचं जर्मनी देणार, स्वित्झर्लंडचं स्वित्झर्लंड. माझ्या वयाच्या बाईला जर्मनी सदुसष्टाव्या वर्षी पूर्ण पेन्शन देते आणि स्वित्झर्लंड पासष्टाव्या. मधली दोन वर्षं कशावर काढायची, याची तरतूद आपली आपण करायची.

हे सगळं मांडूनही मी गेले आणि त्याचा मला आनंद आहे. कारण कामाचा दर्जा. बाझल हे औषधउद्योगाचं माहेरघर. एकोणिसाव्या शतकात इथे रेशमी फितींसाठी रंग बनायचे. त्या रंगांच्या रसायनशास्त्रातून औषधं आली, आणि सिबा, गायगी, सँडोझ ही नावं जगभर पोचली. १९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. रोश या इथल्याच औषध कंपनीचा दुसरा टॉवर २०५ मीटरचा आहे आणि आमच्या गावामागच्या टेकडीवरूनही तो दिसतो. माझी कंपनी यांच्याहून खूप लहान आहे, पण या शहरात निर्णय घेणारी माणसं बसतात. फ्रायबुर्गला मी ठरलेली पद्धत पाळली जाते का ते बघत होते. इथे ती पद्धत ठरवायच्या बैठकीत मला बसवलं गेलं. एका इंजेक्शनच्या निर्जंतुकीकरणाच्या टप्प्यावर मी हरकत घेतली तेव्हा माझ्या दुप्पट अनुभवाचा माणूस टेबलापलीकडून म्हणाला, “थांबा, ही काय म्हणते ते पूर्ण ऐकू.” बॅच थांबवली गेली. वेर्ण्याच्या त्या जागरणांपासून इथपर्यंत येणं मला पगाराइतकंच मोलाचं वाटतं.

इथल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गांभीर्याला एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९८६च्या पहाटे बाझलजवळ श्वाइझरहाले इथे सँडोझच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्यासोबत कीटकनाशकं र्‍हाइनमध्ये गेली, नदी लाल झाली आणि खाली दूरपर्यंत मासे मेले. तेव्हा शाळेत असलेला माझा एक सहकारी सांगतो की सायरन वाजले, खिडक्या बंद ठेवायला सांगितलं आणि नदीचा रंग तो अजून विसरलेला नाही. नोंदवहीत एक ओळ गाळली तरी तो शांतपणे परत लिहायला लावतो. अशा माणसांच्या हाताखाली काम करायला मिळावं म्हणून मी पुन्हा देश ओलांडीन.

आता दुसरी बाजू. मी रुजू झाले त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका पन्नाशीच्या बाईंना सकाळी बोलावून पत्र देण्यात आलं. काम उत्तम होतं, तक्रार नव्हती. विभाग आटोपशीर करायचा होता. स्विस कायद्यात नोकरीतून काढायला मालकाला खास कारण लागत नाही. पहिल्या वर्षात एक महिन्याची नोटीस, दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत दोन, पुढे तीन. काढणं अन्याय्य ठरलं तरी भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांचा पगार, आणि नोकरी सहसा परत मिळत नाही. जर्मनीत दहाहून जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने झाले की मालकाला कायद्यापुढे कारण सिद्ध करावं लागतं. त्या बाई डब्यात माझ्या समोर बसून घरी गेल्या. माझ्या लक्षात आलं की जास्तीच्या पगाराचा एक भाग हा प्रत्यक्षात या जोखमीचा मोबदला आहे. तो खर्च करायचा नसतो. तेव्हापासून फरकाची रक्कम मी वेगळ्या खात्यात टाकते आणि घर चालतं ते जुन्या जर्मन पगाराच्या हिशोबानं. माझ्या ओळखीचे जे ग्रेन्झगेंगर निवांत झोपतात, ते सगळे असंच करतात.

सीमा म्हणजे नकाशावरची रेघ, असं आम्हाला वाटू लागलं होतं. पण कोविडच्या साथीत १६ मार्च २०२०ला जर्मनीनं सीमेवर तपासणी सुरू केली आणि लहान रस्ते बंद झाले. आम्हा कामावर जाणाऱ्यांना मालकाचा दाखला दाखवून जाता यायचं; औषधाची बॅच घरून तपासता येत नाही, त्यामुळे मी जात राहिले. पण बाकीचं जगणं थांबलं. रविवारी जिच्या घरी जेवायला जायचो त्या रीहेनच्या मैत्रिणीला भेटता येईना. पूर्वेला कोन्स्टांझ आणि क्रॉइत्सलिंगेन या जोडगावांमध्ये आधी एक कुंपण घातलं. लोक जाळीतून हात धरू लागले म्हणून अंतरानं दुसरं कुंपण उभं केलं. १५ जूनला रस्ते मोकळे झाले. त्या तीन महिन्यांत एक गोष्ट उघड झाली. तुमचं काम हवं म्हणून तुम्हाला जाऊ देतात. तुम्हाला यायचं आहे म्हणून नव्हे. हा कडवटपणा नाही. मतदानाचा हक्क नसलेल्या देशात आपण काम करतो, तर त्याचं भान असलेलं बरं. फेब्रुवारी २०१४मध्ये परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालायच्या प्रस्तावावर स्वित्झर्लंडनं मतदान केलं आणि तो ५०.३ टक्क्यांनी मंजूर झाला. बाझल शहरानं विरोधात मत दिलं होतं, त्याबद्दल मला या शहराविषयी कायम आपुलकी वाटते.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते आमच्या शेजारणीनं. ती नर्स. जर्मनीतल्या रुग्णालयात पंधरा वर्षं काढून ती बाझलला गेली. तीच पाळी, तसेच रुग्ण. पगार खूप जास्त आणि एका पाळीत रुग्ण कमी. तिला दोष कोण देईल? पण तिच्या जागी जर्मन रुग्णालयाला माणूस हवंच. मग केरळमधून, फिलिपिन्समधून नर्स येतात. फ्रायबुर्गच्या कारागीर चेंबरच्या पुढाकारानं २०२२पासून आमच्या भागातल्या खाटकांच्या दुकानांतही भारतीय मुलं शिकाऊ म्हणून आली आहेत. त्यांतल्या काहींना मी बाजारात भेटले. थंडीत पहाटे कामाला जातात, संध्याकाळी जर्मन शिकतात, घरी पैसे पाठवतात. श्रीमंत जर्मनीसुद्धा आपली शिकवलेली माणसं शेजाऱ्याकडे गमावते, आणि ती पोकळी हातातल्या हातात पुढे सरकत आपल्यापर्यंत पोचते. शेवटची रिकामी खुर्ची मिरजेतल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या वॉर्डात राहते, जिथे तिच्यासाठी कुणालाच बाहेरून आणता येत नाही.

म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हा मी बातमी दोनदा वाचली. ल्योराख याच राज्यात आहे. नर्स, वायरमन, चालक, सुतार, हॉटेलात काम करणारे अशी दहा हजार मुलं पाठवण्याचं बोललं गेलं. मला करार योग्य वाटतो. सांगली-सोलापूरच्या मुलांना ही संधी मिळायलाच हवी. पण सरकारनं जेवढी मुलं पाठवायची, तेवढीच जास्तीची महाराष्ट्रात तयार करायची व्यवस्थाही करावी, आणि त्यासाठी घेणाऱ्या देशाकडून पैसा मागावा. स्विस जनतेनं नोव्हेंबर २०२१मध्ये ६१ टक्के मतांनी ठरवलं की नर्सेसच्या शिक्षणावर आणि कामाच्या परिस्थितीवर सरकारनं स्वतः खर्च करावा. शेजाऱ्यांची माणसं ओढणाऱ्या देशालाही आपल्या घरची तयारी करावी लागते, मग आपल्याला का नको?

आणि जी मुलंमुली निघणार आहेत, त्यांना एवढंच सांगते. जर्मन भाषा भारतातूनच बी-वन पातळीपर्यंत शिकून या. इकडे आल्यावर कामाच्या धबडग्यात ती फार हळू येते, आणि बढती मात्र भाषेवरच अडते. करारपत्र पूर्ण वाचून घ्या, कळत नसेल तर कळणाऱ्याकडून समजून घ्या: नोटीस किती, विमा कुणाचा, तास किती, घरभाडं कोण देणार, नोकरी मध्येच सोडली तर भाषेच्या वर्गाचे पैसे परत मागणार का. एजंटाला पैसे देण्याआधी जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात विचारा. इथे स्थिरावल्यावर कुणीतरी तुम्हाला सांगेल की पलीकडच्या देशात आणखी जास्त मिळतं. ते खरं असेल. तेव्हाही आधी वही घेऊन बसा.